वाळवंटातील घर आणि उन्हाळा

श्रोतेहो, आज मी एका छायाचित्रापासून सुरुवात करणार आहे. रेडिओवरून चित्र दाखविता येत नाही, तेव्हा ते शब्दांनीच उभे करतो. संध्याकाळ उलटून गेली आहे, पण अंधार अजून पुरता पडलेला नाही. मागे डोंगराची काळसर कड दिसते आहे. पुढे पोहण्याचा तलाव आणि त्याच्या पलीकडे सपाट छपराचे एक बैठे घर. ह्या घराला भिंती आहेत की नाहीत असा प्रश्न पडावा, इतकी त्याला काच. आतल्या दिव्यांचा उजेड त्या काचेतून बाहेर अंगणात सांडला आहे आणि तलावाच्या काठाशी एक बाई निवांत पहुडली आहे.

हे छायाचित्र १९४७ साली ज्यूलियस शूलमन ह्या छायाचित्रकाराने काढले. त्यासाठी त्याने सुमारे पाऊण तास एकाच फिल्मवर थांबूनथांबून प्रकाश घेतला. कधी घरातले दिवे लावायचे, कधी विझवायचे, कधी कॅमेऱ्याचे झाकण उघडायचे, कधी मिटायचे, असा तो खटाटोप चालला होता. ती पहुडलेली बाई म्हणजे घरची मालकीण. तलावातल्या दिव्याचा झोत कॅमेऱ्यावर येऊ नये म्हणून शूलमनने तिला तिथे आडवे व्हायला सांगितले होते. म्हणजे चित्रातली ती एकटी निवांत दिसणारी बाईसुद्धा खरे पाहता कामावरच होती!

त्यानंतर वाळवंटातले आधुनिक घर म्हटले की जगभरच्या वास्तुशास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहू लागले. आजही पुष्कळ ठिकाणी तसेच होते. मला मात्र हे चित्र पाहिले की एक साधा, काहीसा घरगुती प्रश्न पडतो. ह्या घरात भर जुलैच्या दुपारी कोण राहात होते? आजचे माझे सगळे बोलणे ह्या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी घराची हकीगत सांगतो. हे घर कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज ह्या गावी आहे. घराचे मालक एडगर कॉफमन. पिट्सबर्ग शहरात त्यांचे मोठे वस्तुभांडार होते. ह्याच गृहस्थांनी १९३५ साली फ्रँक लॉइड राइट ह्या विख्यात वास्तुशिल्पज्ञाकडून पेनसिल्व्हेनियाच्या रानात धबधब्यावर एक घर आखून घेतले होते, आणि ते 'फॉलिंगवॉटर' ह्या नावाने जगभर गाजले. तेव्हा वाळवंटातले घरसुद्धा कॉफमन राइटकडेच सोपवतील असे कुणालाही वाटले असते. पण त्यांनी निवड केली ती रिचर्ड नॉयट्राची. हा मूळचा व्हिएन्नाचा. १९२३ साली तो अमेरिकेत आला, काही काळ राइटच्याच हाताखाली राबला आणि पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झाला.

१९४६ साली नॉयट्राने बांधलेले हे घर डोळसपणे बांधलेले होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. घराच्या मधोमध बैठकीची जागा आणि तिथून चार दिशांना चार पाखे, मुलांच्या हातातल्या भिरभिऱ्यासारखे. एका पाख्यात मालकाची निजण्याची खोली, दुसऱ्यात पाहुण्यांची सोय, तिसऱ्यात स्वयंपाकघर आणि नोकरमाणसे, चौथ्यात मोटार ठेवण्याची जागा आणि तिथून आत येणारी छपराखालची वाट. पाखे असे पसरले की त्यांच्या मधल्या बेचक्यात आपोआप अंगणे तयार होतात. एका अंगणात वारा लागला तर दुसऱ्यात बसावे, इथे ऊन आले तर तिथे सरकावे. भिंतींना युटामधला फिकट पिवळसर वालुकाश्म. गच्चीवर वाऱ्याच्या आणि वाळूच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या. त्या हव्या तशा फिरवता येतात, म्हणजे वाळूचे वादळ आले की बंद आणि निवळले की उघड्या. गावच्या नियमानुसार दुसरा मजला चढविण्यास बंदी होती, म्हणून वर खोली न बांधता हा उघडा सज्जा केला. फरशीखालून नळ्या टाकून त्यांत गरम किंवा गार पाणी खेळविण्याची योजना होती आणि ती आतल्या खोल्यांपुरती न ठेवता बाहेरच्या ओसरीपर्यंत नेलेली होती.

नॉयट्राचा विचारही प्रामाणिक होता. घर हे माणसाने कारखान्यातले भाग लांबून आणून उभे केलेले असते. मग ते जमिनीतून उगवले आहे असा आव कशाला आणावा, असे त्याचे म्हणणे. खडक आपल्या जागी खडबडीत राहतील, घर आपल्या जागी गुळगुळीत राहील आणि दोघे एकमेकांना शोभा देतील. त्या संधिप्रकाशातल्या चित्रात हे म्हणणे शंभर टक्के पटते.

पण आता आपल्या प्रश्नाकडे वळू. कॉफमन कुटुंबाने हे घर बांधले ते पिट्सबर्गची बर्फाळ थंडी चुकविण्यासाठी. म्हणजे हे हिवाळ्यातले घर. पाम स्प्रिंग्जला जानेवारीत दुपारचे तापमान सरासरी एकवीस-बावीस अंश सेल्सिअसच्या घरात असते. आपल्या पुण्याच्या थंडीपेक्षाही सुखाचे! अशा हवेत काचेची भिंत बाजूला सरकवावी, ऊन अंगावर घ्यावे, संध्याकाळी शेकोटी पेटवावी. ते घर त्यासाठीच होते आणि त्या कामी ते उत्तमच होते. त्याच गावी जुलै महिन्यात दुपारचे सरासरी तापमान बेचाळीस अंशांवर जाते. जुलै ह्या घराच्या करारातच नव्हता म्हणा ना.

आता कुणी म्हणेल, एका धनिकाच्या घरावरून सगळ्यांचा निवाडा कशाला करता? म्हणून राइटकडेच जाऊ. वाळवंटाशी सगळ्यांत जवळीक साधली ती त्यानेच, असे सर्व जाणकार मानतात. १९२९ च्या प्रारंभी एका मोठ्या हॉटेलाच्या कामासाठी तो ॲरिझोनात आला. नकाशे काढायला जागा हवी म्हणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातच लाकूड आणि कापड वापरून खोपट्यांची एक छावणी उभारली. तिला नाव दिले 'ओकाटिला', तिथल्या एका काटेरी झुडपावरून. उन्हाळा तोंडावर आला तशी मंडळी परत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला, हॉटेल राहिले कागदावर आणि छावणीही नाहीशी झाली.

तरी कापडातून गाळून येणाऱ्या त्या मऊ उजेडाचे वेड राइटच्या डोक्यातून गेले नाही. १९३७ साली, वयाच्या सत्तरीत, त्याने फीनिक्स शहराबाहेर मॅक्डॉवेल डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेतली आणि शिष्यांच्या हातून 'टॅलीसिन वेस्ट' बांधायला काढले. आदल्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाला होता आणि विस्कॉन्सिनची कडक थंडी आता त्याला सोसणारी नव्हती. बांधण्याची रीत मोठी नामी होती. आसपासचे रंगीत दगड वेचायचे. लाकडी फळ्यांचा साचा करून त्यात ते सपाट अंग बाहेर ठेवून रचायचे. फटींतून सिमेंट-वाळूचा गिलावा ओतायचा आणि तो सुकला की फळ्या काढायच्या. दगड घडवायला पाथरवट नको, लांबून माल आणायला नको. भिंती उतरत्या, तिरक्या, मागच्या डोंगराच्या चालीवर. वर रेडवुडच्या लाकडाचे तिरपे सांगाडे आणि त्यांवर पांढरे कापड. २०१९ साली राइटच्या आणखी सात वास्तूंबरोबर युनेस्कोने तिचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला तो सार्थच होय.

पण इथेही तेच! ही सगळी मंडळी दरवर्षी हिवाळ्यात ॲरिझोनात येत आणि उन्हाळ्याआधी सामानसुमान बांधून विस्कॉन्सिनला परतत. मूळ कल्पनाच हिवाळी छावणीची होती. कापडाचे छप्पर हे सहा महिन्यांचे छप्पर. पुढे मुक्काम जसजसा कायमचा होत गेला तसतशी तिथे काच बसविण्यात आली आणि कापडाची जागा कृत्रिम पदार्थांनी घेतली.

म्हणजे पाहा, विसाव्या शतकात वाळवंटातले घर कसे असावे हे जगाला ज्या दोन वास्तूंनी शिकविले, त्या दोन्ही उन्हाळा टाळणाऱ्या माणसांच्या. वर्गात सगळ्यांत हुशार मुलगा खरा, पण सगळ्यांत अवघड पेपराच्या दिवशी तो गैरहजर!

मग त्या पेपराला बसत होते तरी कोण? बारा महिने तिथेच राहणारे लोक. ॲरिझोनाच्या दक्षिणेला तुसान नावाचे शहर आहे. १७७५ साली स्पॅनिश लोकांनी तिथे ठाणे वसविले. तिथल्या मेक्सिकन वस्तीतली जुनी घरे कच्च्या विटांची. भिंत दीड-दोन फूट जाड, खोल्या उंच, रस्त्याच्या बाजूला खिडक्या मोजक्या. मधून एक बोळकांडी आत नेते आणि आत अंगण. छपराला आधी तुळया, त्यांवर साग्वारो निवडुंगाच्या वाळलेल्या काटक्या आणि त्यांवर थापलेली माती. हे वर्णन ऐकून मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या श्रोत्यांच्या ओठांवर एक शब्द आला असेल, आणि तो बरोबर आहे. माळवद! माझ्या आजोळी तसेच घर होते. बाहेर उन्हाचा भडका उडालेला असताना आतल्या खोलीत पाऊल टाकले की रांजणात हात घातल्यासारखे वाटे. वर उजेडापुरते एक सवणे, आणि पावसाळ्याआधी आजोबांची खारी मातीसाठी चाललेली धावपळ. समुद्राच्या त्या टोकाला आणि ह्या टोकाला, एकमेकांची भाषा न कळणारी माणसे एकाच उत्तराशी पोचली, कारण ऊन दोघांना एकच प्रश्न विचारीत होते.

ह्या उत्तरामागचे शास्त्र सोपे आहे. वाळवंटातली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसा जमीन जशी झपाट्याने तापते तशीच रात्री ती आपली उष्णता आकाशाकडे टाकून निवते. दुपार आणि पहाट ह्यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडणे तिथे नवलाचे नाही. जाड मातीची भिंत दुपारचे ऊन पिऊन घेते. ती उष्णता आतल्या अंगाला पोचेपर्यंत कित्येक तास जातात. पोचते तेव्हा रात्र झालेली असते, बाहेर गारवा असतो आणि घरातली माणसे अंगणात किंवा गच्चीवर निजायला गेलेली असतात. भिंत उष्णता अडवीत नाही, ती उशिरा आणते. आणि तो उशीर माणसाच्या दिनक्रमाशी जुळवून घेतलेला असतो. तुसान-फीनिक्सकडे पूर्वी उन्हाळ्यात घराबाहेर ओसरीत खाटा टाकून, प्रसंगी ओली चादर पांघरून निजत. म्हणजे घर आणि घरातली माणसे दोघे मिळून उन्हाळ्याशी झुंजत.

त्या भागात मातीच्या भिंतीहूनही जुनी एक युक्ती होती. तिथले मूळचे रहिवासी ओओधाम लोक. ते घराशेजारी एक उघडी सावली उभारीत. मेस्कीट नावाच्या झाडाचे चार खांब, वर काटक्या आणि झाडपाला, बाजूंना काही नाही. हे मेस्कीट म्हणजे आपल्याकडे माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीच्या गोतातलेच झाड. ह्या सावलीला स्पॅनिश भाषेत 'रामादा' म्हणतात. आपण तिला मांडव म्हणू. दिवसाचे रांधणे, विणणे, गप्पा, दुपारची वामकुक्षी, सगळे ह्या मांडवाखाली. ऊन वरच्या वर झेलले जाते आणि वारा खालून वाहात राहतो. मोकळ्या वाळवंटात सावली ही पहिली खोली होय. भिंती नंतर.

हे सगळे शहाणपण मग गेले कुठे? इथे आपल्या कथेत यंत्राचा प्रवेश होतो. १९३० नंतरच्या दशकात ॲरिझोनात ओल्या जाळीतून हवा ओढून घेणारे पंखे घरोघर बसू लागले. आपल्याकडच्या वाळ्याच्या पडद्यांचेच ते यांत्रिक भावंड, आणि विदर्भातल्या श्रोत्यांना तर कूलर म्हणून तो घरचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर खरे वातानुकूलन सामान्य घरांच्या आवाक्यात आले. त्याने माणसांचे हाल वाचविले, रुग्णालये चालविली, वाळवंटात शहरे वसविली, हे कुणी विसरू नये. फीनिक्स शहराची लोकसंख्या १९५० साली एक लाख सात हजारांच्या आसपास होती. १९६० साली ती चार लाख एकोणचाळीस हजारांवर गेली. हद्दवाढीचा त्यात वाटा होता खरा, पण यंत्रावाचून इतकी माणसे तिथे टिकती ना. २०२० साली हा आकडा सोळा लाखांवर गेलेला होता.

मात्र यंत्र आले आणि त्याबरोबर एक गोष्ट नकळत घडली. घराची आखणी करताना सूर्य कुठून येतो हे विचारण्याची गरजच उरली नाही. पश्चिमेला काच लावली तरी चालेल, यंत्र पाहून घेईल. भिंत चार बोटांची केली तरी चालेल, यंत्र पाहून घेईल. आणि लावायची कसली काच? तर त्या छायाचित्रातली! जी काच जानेवारीसाठी लावली होती ती बारमाही घरांना लागली. काचेचा स्वभाव असा की ती सूर्याचा प्रकाश आत घेते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता सहजी बाहेर सोडीत नाही. मोटार उन्हात उभी करून काचा लावून गेलेल्याला हे वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात हा गुण, उन्हाळ्यात हाच दोष. तुसानमध्ये तर ह्या सुमारास मातीच्या घरांची जुनी वस्ती मागासलेली ठरवून तिचा मोठा भाग पाडण्यात आला आणि १९७१ साली त्या जागी सभा-संमेलनांचे भव्य केंद्र उघडले.

ह्याची किंमत किती, हे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये लागोपाठ एकतीस दिवस तापमान त्रेचाळीस अंशांच्या वर गेले. फीनिक्स ज्या जिल्ह्यात आहे त्या मॅरिकोपा जिल्ह्यात त्या वर्षी उष्म्याने सहाशे पंचेचाळीस माणसे दगावली. त्यांतली पुष्कळशी उघड्यावर राहणारी होती. पण कित्येक जण आपल्याच घरात गेले. त्या घरांत थंडाव्याचे यंत्र असूनही ते बंद पडलेले, असे अनेकदा आढळून आले. पुढच्या वर्षी, ५ जुलै २०२४ रोजी, पाम स्प्रिंग्जला एक्कावन्न अंशांचा उच्चांक झाला. श्रोतेहो, ज्या घराची सगळी मदार एका यंत्रावर असते, ते यंत्र थांबले की त्याचे घरपण संपते. उरते ती उन्हात ठेवलेली पेटी. जुन्या मातीच्या घरात माणसाला उकडत असेल, घामाच्या धारा लागत असतील, पण त्या घराची भिंत वीज गेली म्हणून काम थांबवीत नव्हती.

ह्यावर कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांनी पुन्हा मातीची घरे बांधायची? तसे नव्हे. नवे घर नवेच असावे. पण त्याने उन्हाळ्याच्या पेपराला बसावे, इतकेच. अशी घरे ह्याच मुलखात बांधली गेली आहेत. त्यांतल्या दोहोंची ओळख करून देतो.

पहिले आल्बर्ट फ्रायचे. हा मूळचा स्वित्झर्लंडचा, तरुणपणी पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझियेच्या कचेरीत काम केलेला. १९३४ साली तो पाम स्प्रिंग्जला आला आणि त्या वाळवंटाच्या प्रेमातच पडला. स्वतःसाठी डोंगराच्या उतारावर घर बांधायचे ठरल्यावर त्याने लगेच नकाशा काढला नाही. जागेवर एक काठी रोवून तो वर्षभर सूर्याची चाल मोजीत राहिला. कोणत्या महिन्यात ऊन कुठवर येते, सावली किती लांब पडते, हे कळल्यावरच छपराची पुढे आलेली कड किती ठेवायची ते ठरले. त्या अक्षांशावर जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य सुमारे ऐंशी अंश उंच असतो आणि डिसेंबरात जेमतेम तेहतीस. म्हणून दक्षिणेकडची योग्य मापाची वळचण उन्हाळ्याचे ऊन बाहेर थोपविते आणि हिवाळ्याचे आत येऊ देते. १९६४ साली घर पुरे झाले. लहानसेच, सुमारे आठशे चौरस फुटांचे. जागेवर एक प्रचंड शिळा होती. फ्रायने ती फोडली नाही. ती तशीच घरात घेतली, काच तिच्या अंगाप्रमाणे कापून बसविली आणि निजण्याची व बसण्याची जागा तिच्या आडोशाने वेगळी केली. काच ह्या घरालाही पुष्कळ आहे, हे खरे. पण ती कुठे आणि किती, हे सूर्याला विचारून ठरविलेले आहे. आणि मुख्य म्हणजे हे त्याचे राहते घर होते. १९९८ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी वारेपर्यंत तो ह्याच घराचा धनी होता.

दुसरे घर तुसानचे, १९७५ सालचे. ते आखले ज्युडिथ चेफी ह्या वास्तुशिल्पज्ञ बाईंनी. बाई तुसानमध्येच वाढलेल्या. येल विद्यापीठात शिकून, पूर्वेकडे नामांकित कचेऱ्यांतून काम करून त्या गावी परतल्या. तिथला उन्हाळा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. एका कुटुंबासाठी आखलेल्या ह्या घराचे नावच 'रामादा हाऊस'. खाली ठोकळ्यांच्या जाड भिंतींचे घर. आणि त्या घरावर, त्याच्या छपरापासून अलग, उंच लाकडी खांबांवर पट्ट्यापट्ट्यांचा एक भला मोठा मांडव! सूर्य आधी त्या मांडवाशी गाठ घेतो. छपरापर्यंत पोचते ते चाळून आलेले, मोडलेले ऊन. मांडव आणि छप्पर ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. ओओधामांचा मांडव आणि मेक्सिकन वस्तीची जाड भिंत, दोन्ही एका नव्या घरात आली. ती शोभेसाठी आली नाहीत, कामासाठी आली. जुन्या घरांवरून त्यांनी बाईंच्या मते नेमके तेच उचलले, जे अजून कामाचे होते, असे ते घर पाहून म्हणावेसे वाटते. अशा घराला यंत्र लागतच नाही, असा दावा मी करणार नाही. पण यंत्र तिथे मदतनीस म्हणून येते. सगळे ओझे एकट्याने वाहणारा हमाल म्हणून येत नाही.

आपण ह्यातून काय घ्यावे? वळचणीचे माप तर मुळीच घेऊ नये, एवढे आधी सांगून ठेवतो. सोलापुरास मे महिन्याच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये उत्तरेकडे झुकतो. कॅलिफोर्नियाचे माप इथे लावाल तर फसाल. जे माळवदावर खरे ते कोकणातल्या कौलारू घरावर खरे नाही. घ्यायचे ते उत्तर नव्हे, प्रश्न घ्यायचा. ह्या घरात मी कोणत्या महिन्यांत राहणार आहे? सर्वांत वाईट महिन्यातल्या सर्वांत वाईट दुपारी तीन वाजता घरातली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले कुठे बसतील? वीज गेली तर कुठे बसतील? आणि रात्री कुठे निजतील? घर बांधणाऱ्याने चुना-सिमेंटाच्या आधी ह्या प्रश्नांची उत्तरे गोळा करावीत. सुंदर चित्र त्यानंतर आपोआप निघेल.

जाताजाता त्या पहिल्या घराची पुढची हकीगत सांगतो. १९५५ साली कॉफमन वारले. घर काही वर्षे रिकामे पडले, मग एकाचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे गेले. मालकांनी भिंती हलवल्या, खोल्या वाढवल्या, छपरावर थंडाव्याची यंत्रे चढवली. जो उन्हाळा आखणीत धरलाच नव्हता तो मागाहून असा वसूल झाला, असे मला वाटते. १९९३ साली एका दांपत्याने ते घेतले आणि मोठ्या निष्ठेने मूळ रूपात आणले. शूलमनची जुनी छायाचित्रे समोर ठेवून काम झाले आणि भिंतीचा दगड जुळावा म्हणून युटामधली मूळ खाण पुन्हा उघडून घेतली. अशी वास्तू जपली हे उत्तमच झाले. ती पाहावी, तिचे कौतुक करावे. फक्त पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे, की ते चित्र संध्याकाळचे आहे. घर आखायचे असेल तर त्याच्या शेजारी भर दुपारचे एक चित्र आपले आपण काढून पाहावे.